द्राक्षाची बाटली आणि घरची वही

पाटीवर ‘वाइन शॉप’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असावें आणि आंत फळ्यांवर व्हिस्की, रम व बिअर यांचीच गर्दी असावी, हा प्रकार आमच्या टेंभुर्णीसारख्या हमरस्त्यावरील गांवांत नित्याचा आहे. खरी वाइन, म्हणजे द्राक्षाचा आंबविलेला रस, बहुधा एखाद्या कोपऱ्यांत धूळ खात उभी असते. एका नांवाखालीं दोन निरनिराळ्या गोष्टी बांधल्या गेल्यामुळें सुशिक्षित घरांतूनही या विषयाची एक तर कुजबूज होते, नाहीं तर उगीच प्रौढी मिरविली जाते. किंमत व गुण यांचा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

आमच्या घरीं तो हिशेब करण्याची पाळी सासूबाईंनीं आणली. आमचें कुटुंब एकत्र. दोन्ही वेळां चौदा पानें. पुण्यास नोकरीस असलेले दोघे पुतणे सणासुदीस मित्रांसह येतात. रात्रीं गच्चीवर काय चालतें हें सर्वांस ठाऊक होतें आणि कोणासच ठाऊक नव्हतें. एके दिवशीं सासूबाईंनीं दोघांस समोर बसवून सांगितलें, “अंधारांतलें मला कांहीं नको. घ्यायचें असेल तर जेवणाबरोबर, आमच्या देखत. नाहीं तर मुळींच नको.” खरेदीचें काम अर्थातच वहीसकट माझ्याकडे आलें.

मला तें सोपें गेलें नाहीं. माझ्या माहेरच्या आळींतील एक शिकलेलें घर व्यसनानें पार बसलें. त्या घरच्या मुली शाळेच्या फीसाठीं आमच्या ओटीवर येऊन उभ्या राहत, तें मी विसरलेलें नाहीं. म्हणून वहींत पहिली ओळ मीं हीच लिहिली: महिन्यास दोन बाटल्या, त्यापुढें नाहीं. मग चाखल्यावांचून विकत घेणें हा माझा स्वभाव नसल्यानें घोट घोट घेऊन पाहिलें.

या विद्येस फार दूर जावें लागत नाहीं. टेंभुर्णीहून जवळच असलेल्या अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनीं दिल्लीच्या सेखरी बंधूंशीं व इटलींतील सेच्ची बंधूंशीं भागीदारी करून २००७ सालीं ‘फ्राटेली’ ही कंपनी काढली. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हें नांव आपलेंसें वाटेल. सोलापूरकरांस द्राक्षें नवीं नाहींत. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांचें ‘सोनाका’ आपण हौसेनें खातों. परंतु तें खाण्याचें द्राक्ष. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें व बियांचें असतें. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच असतो. रंग व तुरटपणा सालींतून उतरतो. म्हणून तांबडी वाइन सालींसकट आंबवितात, आणि पांढरीसाठीं आधीं रस वेगळा करतात. द्राक्षासव तर आपल्या फडताळांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यांतही आंबण्यानें आपोआप झालेला मद्यार्क असतो; पण तें मापानें घेतात. वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा १२ ते १४ च्या सुमारास असतो, हें ध्यानांत ठेवून येथेंही माप सोडूं नये.

आतां पैशाकडे वळूं. पांचशें रुपयांच्या आंत ‘पोर्ट’ म्हणून जी गोड बाटली मिळते, तिच्या नांवावर भुलूं नये. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यांत ब्रँडी मिसळून तयार होते. आपल्याकडील स्वस्त पोर्टमध्यें द्राक्षाची चव साखरेखालीं दडून जाते. तेवढ्याच पैशांत चांगल्या वाइनची अर्धी बाटली मिळाली तर ती घ्यावी.

सातशेंपासून हजारापर्यंतचा टप्पा हा पैशाचें खरें मोल देणारा. पांढऱ्यांत शेनिन ब्लांक ही सौम्य व फळांच्या वासाची. अकलूजची किंवा नाशिकच्या ‘सुला’ची, दोन्ही आमच्या घरीं पसंत पडल्या. सोव्हिन्यों ब्लांक अधिक आंबटसर, कोथिंबीर-वडीबरोबर शोभणारी. तांबडींत सांजोव्हेजे हें इटलीचें द्राक्ष आपल्या मातींत बरें रुजलें आहे. मात्र सोलापुरी शेंगाचटणीपुढें तुरट तांबडी ठेवूं नये. तिखट व तुरट एकत्र आलें कीं जीभ पोळते. मसालेभाताबरोबर पांढरीच बरी.

दीड-दोन हजारांच्या टप्प्यांत ‘सेट्टे’सारखी वाइन येते. सेट्टे म्हणजे सात. सांजोव्हेजे व काबर्ने सोव्हिन्यों यांचें हें मिश्रण ओकच्या पिंपांत मुरविलेलें असतें, आणि त्या पिंपांचा व थांबण्याचा खर्च किंमतींत असतो. ती चांगली आहे, परंतु दुप्पट किंमत म्हणजे दुप्पट गोडी नव्हे. वर्षांतून एखाद्या प्रसंगीं ठीक. परदेशी बाटलीच्या किंमतींत जकातीचा व करांचा वाटा मोठा. त्याच पैशांत देशी वाइन सहसा सरस मिळते.

खरेदी करतांना दुकान पाहावें. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उन्हांत तापलेली वाइन कितीही नामांकित असली तरी बिघडते. म्हणून थंडीच्या दिवसांत, पंखा वा वातानुकूलन असलेल्या दुकानांतून घ्यावी. बाटलीवरचें साल वाचावें; स्वस्त पांढरी दोन वर्षांहून जुनी नको. उघडलेली बाटली बूच लावून शीतकपाटांत ठेवावी व दोन-तीन दिवसांत संपवावी. आणखी एक: आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा अद्याप आहे व पिण्यास परवाना लागतो. पुतण्यांनीं तो काढल्यावरच सासूबाईंनीं ताटाशेजारीं पेला मांडूं दिला.

वर्षाअखेर वही पाहिली, तेव्हां चार महिन्यांत एकही बाटली आलेली नव्हती. गच्चीवरची बैठक तर मोडलीच. धाकट्यास उजेडांत तिची गोडी राहिली नाहीं. थोरला अजून सणास पेलाभर घेतो. ज्या घरांत वाइन येत नाहीं त्यांनीं ती आणावी असें मी मुळींच म्हणणार नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं ती येतेच, त्यांनीं मधल्या किंमतीची, चालू सालाची, थंड जागेंतली घ्यावी, आणि तिची ओळ घरांतील सर्वांस वाचतां येईल अशी वहींत लिहावी.