नोंदीबाहेरची माणसं

मालवणच्या किनाऱ्यावर राहताना स्थलांतराकडे एकाच बाजूनं पाहता येत नाही. आमचा जिल्हा माणसं बाहेर पाठवतो आणि बाहेरची माणसं बोलावतोही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. दुसरीकडे हापूसच्या बागा राखायला आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं येत राहिली. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांचं येणं बेकायदा नाही. पण आल्यावर त्यांची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

गरिबीमुळे माणूस गाव सोडतो, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण गरिबीमागे निर्णय असतात किंवा टाळलेले निर्णय असतात. मोठ्या जाळ्यानं मासळीचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन मासेमारीवरचा सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला, निर्बंधांचा आदेश मात्र ५ फेब्रुवारी २०१६ ला निघाला. या काळात सरकार बदललं, तरी पारंपरिक मच्छीमाराची फरफट थांबली नाही. ज्याच्या जाळ्यात मासळी येत नाही, त्याचा मुलगा मुंबई-गोव्याची वाट धरतो. नेपाळातही १९९६ ते २००६ चा सशस्त्र संघर्ष आणि त्यानंतरची अस्थिर सरकारं यांनी तरुणांना घराबाहेर काढलं. दोन्हीकडे घर सोडणाऱ्याला पर्याय उरला नव्हता, आणि तो न उरण्याची जबाबदारी नेतृत्वावर येते.

कोणी म्हणेल, परक्यांमुळे स्थानिकांचा रोजगार जातो. पण ज्याची नोंदच नाही त्याला कमी मजुरीत राबवता येतं, आणि त्यामुळेच स्थानिकाचाही भाव पडतो. दोष येणाऱ्याचा नाही, नोंद टाळणाऱ्या व्यवस्थेचा आहे. सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत शिरले होते. म्हणूनच होडीवरचा प्रत्येक माणूस कोण आहे हे कागदावर असायला हवं; त्याला हाकलून ते साधणार नाही. कोकणी माणूस हौसेनं मुंबईला जातो, असंही सांगितलं जातं. हौसेनं जाणाऱ्याला माझी हरकत नाही. फक्त गावात राहणंही त्याला परवडलं पाहिजे.

पावसाळी बंदी उठून १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. त्याआधी प्रत्येक खलाशाची नोंद, विमा आणि ठरलेली मजुरी कागदावर आली पाहिजे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण दोन प्रश्न विचारू या: आमची मुलं इथे राहावीत म्हणून काय केलंत, आणि इथे आलेल्यांची नोंद का नाही?