रात्रीचा रोजमेळ

मिरकरवाडा बंदराला रात्र असते, पण निजानीज नसते. मासेमारीच्या हंगामात मध्यरात्र उलटली की डिझेलची पिंपे सरकू लागतात, बर्फ फोडल्याचे आवाज येतात, तांडेल खलाशांना हाका मारतात आणि उजाडण्यापूर्वीच नौका धक्क्यापासून सुटू लागतात. या वस्तीच्या कडेला एका जैन कुटुंबाचे किराणा मालाचे दुकान दोन पिढ्यांपासून आहे. नौकांवर लागणारा तांदूळ, साखर, चहा आणि तेल यांचा शिधा तेथूनच भरला जातो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या दुकानाचे मालक गेली अकरा वर्षे बंदराबरोबर जागत आले आहेत. बंदर कामासाठी जागते. शेठ जागतात ते आपल्याच पायांमुळे.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या उजव्या पायात बधिरता आली. तागडीसमोर उभे असताना तोल जाऊ लागला. दोन-तीन वर्षे ‘वात’, ‘मणक्याची नस’, ‘अशक्तपणा’ अशा नावांनी उपचार झाले. अखेरीस आंबा घाट ओलांडून कोल्हापूर गाठले, एमआरआय झाला आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले : मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्या आवरणाला इजा करते आणि मेंदूचे निरोप अवयवांपर्यंत नीट पोचत नाहीत. फ्रेंच वैद्य झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले. २०२० च्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. तो पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र त्याचा वेग रोखणारी आणि त्रास कमी करणारी औषधे आहेत.

दिवसा हा आजार काठीपुरता दिसे. रात्री त्याचे रूप पालटे. अंथरुणावर पाठ टेकून अर्धा-एक तास डोळा लागतो न लागतो, तोच पोटरी दगडासारखी ताठ होई, गुडघा सरळ होऊन आकडे आणि पाय जणू दुसऱ्याच्या मालकीचा असल्यासारखा थरथरत राही. पेटका दोन-तीन मिनिटांत ओसरे, पण गेलेली झोप परतत नसे. पुढचा पेटका केव्हा येईल याची वाट पाहण्यातच तीन वाजत. सकाळी शरीर जड, डोके सुन्न, आणि थकलेल्या स्नायूंचा ताठरपणा आदल्या दिवसाहून अधिक. पेटक्याने झोप मोडायची आणि झोपमोडीने पेटका बळावायचा, असे हे चक्रवाढ व्याज होते.

घरात प्रत्येकाचे एकेक मत होते. आईला वाटे, मीठ-पाणी कमी पडते. धाकट्या भावाने कुठूनशी झोपेची गोळी आणून दिली. सुदैवाने ती कपाटातच राहिली, कारण पेटक्याच्या औषधाने आधीच गुंगी येत असताना अशी भर घालणे धोक्याचे असते. मुलाचा दोष बंदरावर होता. “पप्पा, या गोंगाटात धडधाकट माणूसही झोपणार नाही. आपण मारुती मंदिराकडे फ्लॅट घेऊ,” असे तो दर दिवाळीला म्हणे. मग जून आला. १ जून ते ३१ जुलै या काळात शासनाची मासेमारीबंदी असते. नौका शाकारल्या गेल्या, बर्फाच्या गाड्या थांबल्या, रात्री केवळ पावसाचा आणि लाटांचा आवाज उरला. बंदर निजले, शेठ मात्र जागेच राहिले. फ्लॅटचा विषय आपोआप मागे पडला आणि कारण घराबाहेर नसून शरीरात शोधले पाहिजे, हे सर्वांना पटले.

त्या पावसाळ्यातील तपासणीत तज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला : पेटके नेमके किती वाजता येतात? शेठजींना उत्तर देता आले नाही. ज्या गृहस्थाला कोणत्या नौकेची किती उधारी आहे हे वहीत न पाहता सांगता येई, त्याला आपल्या रात्रींचा हिशेब सांगता येईना. परतल्यावर त्यांच्या पत्नीने दुकानातील एक कोरी लाल वही वर आणली आणि रकाने आखले. अंथरुणावर पडण्याची वेळ, पेटक्याची वेळ, तो किती मिनिटे टिकला, लघवीला किती वेळा उठले, पोट साफ झाले की नाही, दिवसभरात गादीवर सलग किती बसणे झाले, औषध किती वाजता घेतले, अशी सारी नोंद तीन आठवडे ठेवली.

वहीने जे सांगितले ते कोणाच्याही तर्कात नव्हते. पोट साफ न झालेल्या दिवशी पेटके अधिक. लघवी तुंबवून ठेवली की पाय हटकून आकडे. पांघरूण पायांशी घट्ट खोचले की त्रास वाढे. वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. मज्जारज्जूला इजा झालेली असताना भरलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, कातडीवरील जखम, तंग कपडा अशी कोणतीही लहानशी टोचणी स्नायूंना भडकवू शकते. चौथी गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची होती. बहुतेक पेटके एक ते तीन या वेळेत येत होते आणि बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची शेवटची मात्रा ते सूर्यास्तापूर्वी, सायंकाळी सहाच्या सुमारास घेत होते. या औषधाचा अंमल काही तासांतच ओसरतो. म्हणजे ज्या वेळी त्याची गरज, त्याच वेळी तिजोरी रिकामी.

सहाची वेळ पडली होती ती चौविहारामुळे. विवाहापासून त्यांनी तो नियम अखंड पाळला होता आणि डॉक्टरांना तो सांगण्याचे त्यांना कधी सुचले नव्हते. आता पेच उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, मात्रा झोपताना हवी. शेठ म्हणाले, नियम मोडणार नाही. काही आठवडे औषध सहालाच राहिले आणि रात्री तशाच राहिल्या. चातुर्मासासाठी कोल्हापुरात विराजमान असलेल्या साध्वीजींच्या दर्शनाला गेले असता पत्नीने हा विषय काढला. साध्वीजींनी त्यांना प्रत्याख्यानाच्या पाठातील आगारांची आठवण करून दिली. समाधी टिकावी यासाठी पाठातच सवलत ठेवलेली आहे. नियम घेताना जी सवलत धरलेली असते, ती आजारपणात वापरल्याने नियमाचा भंग होत नाही, असे त्यांनी समजावले. त्या रात्रीपासून दहा वाजता घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली जाऊ लागली. अन्नाचा नियम जसाच्या तसा राहिला.

याच प्रसंगी दुसरा अनर्थही टळला. पर्युषणात अठ्ठाई करावी आणि त्या आठ दिवसांत सर्व गोळ्या बंद ठेवाव्यात, असा शेठजींचा मानस होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले की बॅक्लोफेन एकाएकी थांबवल्यास भ्रम होणे, झटके येणे, ताठरपणा एकदम उसळणे असे जिवावर बेतणारे परिणाम होऊ शकतात. ते कमी करायचे झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच करावे लागते. ज्या घरात तपश्चर्येची परंपरा आहे आणि कोणी नियमित औषधावर आहे, त्या घराने पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरूंशी आणि डॉक्टरांशी, दोघांशीही बोलले पाहिजे.

औषधाची वेळ बदलल्याने अर्धे काम झाले. उरलेले अर्धे सवयींनी केले. फिजिओथेरपिस्टकडून शिकून मुलगा रोज रात्री वडिलांच्या पोटऱ्या आणि मांड्या सावकाश ताणून देऊ लागला. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी आली. पेटका आला की पूर्वी पत्नी जोराने चोळत असे. आता ती घाई न करता गुडघा वाकवते, पाऊल नडगीकडे वळवून धरते आणि स्नायू आपणहून सैल होईपर्यंत थांबते. गरम पाण्याची पिशवी बंद झाली, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही आणि या आजारात उष्णतेने त्रास वाढतोही. दुपारची दीड तासाची वामकुक्षी अर्ध्या तासावर आली. झोप येत नसेल तर तळमळत पडून राहायचे नाही. उठून खुर्चीत बसायचे, डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हायचे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवायची, हा नियमही लागू झाला. अंधारात उठताना तोल जाऊ नये म्हणून न्हाणीघरापर्यंत भिंतीला कठडा आणि मंद दिवा बसवला. भिंतीवरचे घड्याळ मात्र काढून ठेवले.

घड्याळ काढण्यामागे कारण होते. रात्री दोन वाजता माणूस वेदनेहून अधिक आकडेमोडीने थकतो. आता किती तास उरले, उद्या दुकान कसे होईल, मुलीचे लग्न कसे होईल, हे सारे त्याच वेळी उभे राहते. जैन परंपरेने व्याधीच्या अशा चिंतनाला आर्तध्यानात गणले आहे. खुर्चीत बसून शेठ त्या वेळी नवकार मोजतात. झोप यावी म्हणून नव्हे, तर मनाला हिशेबापासून दूर ठेवण्यासाठी. झोप आणण्याचा आग्रह सुटला की ती पुष्कळदा येते.

मणक्याच्या विकारामुळे बाबा आमटे यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. तरीही सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले, ते वाहनात बिछाना घालून. शरीराने जी अट घातली ती त्यांनी मान्य केली आणि त्या अटीत बसेल अशी व्यवस्था उभारली. किराणा दुकानाच्या माडीवर घडले तेही लहान प्रमाणात हेच.

अर्थात रात्री पायात गोळे येणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. मधुमेह, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, काही औषधे अशी अनेक कारणे असतात. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते आणि तिनेही पायांत मुंग्या, बधिरता, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि वेळीच भरून काढता येते. म्हणून तर्क करण्यापेक्षा तपासणी बरी.

या घराने अकरांपैकी सहा वर्षे आजाराचे नाव बाहेर सांगितले नव्हते. मुलीच्या स्थळांची भीती होती. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि थेट वारशाने उतरतही नाही. जवळच्या नात्यात शक्यता थोडी वाढते, इतकेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट समावेश आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुण्यात शाखा आहेत. नाव लपवल्याने या कुटुंबाला ना कायद्याचा आधार मिळाला, ना समदुःखी माणसांचा.

आज पेटके थांबलेले नाहीत. वहीत आठवड्याला दोन-तीन नोंदी अजूनही होतात. पूर्वी एका रात्रीत तेवढ्या होत. शेठ सलग चार-पाच तास झोपतात. त्या वहीत सुरुवातीपासून एक रकाना मात्र नव्हता, तो गेल्या वर्षी सुनेने आखला : “मम्मी किती वाजता झोपल्या?” अकरा वर्षे दुसऱ्याच्या पायाशी जागलेल्या बाईच्या झोपेची नोंद कोणीच ठेवली नव्हती. आता आठवड्यातून तीन रात्री मुलगा वडिलांच्या खोलीत झोपतो आणि त्या तीन रात्री त्या बाई दार लावून शेजारच्या खोलीत सकाळपर्यंत निजतात.