लोणावळा ते वडगाव: तीन मावळांची हद्द

लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडली की मावळचा भूगोल खिडकीतूनच दिसू लागतो. मळवलीला उजवीकडे लोहगड-विसापूर, डावीकडे कार्ल्याचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीत नदी, लोहमार्ग, जुना महामार्ग नि द्रुतगती मार्ग दाटीवाटीने चाललेले. घाटमाथ्यावर चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस तळेगावकडे येईतो निम्म्याच्याही खाली येतो. कामशेतहून नाणे मावळात आणि पवन मावळात रस्ते फुटतात, कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे म्हणजे आंदर मावळात. ही जुनी विभागणी खोऱ्यांची आहे, आणि प्रवास करताना पटते ती हीच. आजच्या कारभाराच्या हद्दी मात्र ही खोरी ओळखत नाहीत, आणि इथल्या छोट्या गावांची खरी अडचण तीच आहे, असे माझे मत आहे.

लोणावळ्यापासूनच पाहावे. इथली नगरपरिषद 1877 सालची, म्हणजे अनुभवात कमी नाही. पण पर्यटक ज्यासाठी येतात ते पाणी तिच्या हातात कुठे आहे? भुशी धरण रेल्वेचे, मागचे डोंगर वनखात्याचे, वळवण धरण टाटांचे. तिथले पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जाते. जून 2024 मध्ये भुशीच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हा हद्दींचा हा गुंता साऱ्या राज्याने पाहिला. नगरपरिषदेच्या वाट्याला उरतात कचरा, रस्ते आणि शनिवार-रविवारची गर्दी. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी या शहराचे सांडपाणी घेऊन पुढे निघते आणि कामशेतला पोहोचते. कामशेतची बाजारपेठ एवढी मोठी, पण कारभार खडकाळे ग्रामपंचायतीचा. वरून येणाऱ्या पाण्याबद्दल तिने कोणाला जाब विचारायचा, याचे सोपे उत्तर नाही.

वडगाव तालुक्याचे ठिकाण. 1779 मध्ये इंग्रजांना मराठ्यांपुढे तह करावा लागला तो इथलाच, आणि घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळही इथल्याच कृषी संशोधन केंद्राचा. तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करण्याच्या राज्याच्या धोरणानुसार वडगावला नगरपंचायत आली आणि 2018 मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. सतरा प्रभाग, मुख्याधिकारी, विकास आराखडा हे सारे आले; ग्रामसभा मात्र गेली. शिवाय एक गंमत: मावळची पंचायत समिती वडगावातच बसते, पण नगरपंचायतीचा मतदार आता तिच्यासाठी मत देत नाही. तालुक्याचे गाव तालुक्याच्या सभेतून बाहेर पडले.

यावर कोणी म्हणेल, ग्रामसभेला माणसे तरी किती येत होती? खरे आहे. वाढत्या इमारतींना परवानगी द्यायला ग्रामपंचायतीची ताकद अपुरी पडत होती, हेही मान्य. म्हणून नगरपंचायत चूक होती असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे एवढेच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शहर आणि खेडे यांची सांगड घालायला घटनेने जिल्हा नियोजन समिती दिलीच आहे ना? दिली आहे, पण पुणे जिल्ह्यासारख्या अवाढव्य जिल्ह्यात दोन महानगरपालिकांच्या गरजांपुढे नाणे मावळाचा आवाज किती पोहोचणार? पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला थेट जलवाहिनी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. पाण्याचा वाद रस्त्यावर येण्याआधी तो मांडायला खोऱ्याची अशी जागाच नव्हती.

नवे सरकारी खाते काढायची गरज नाही. शेजारच्या स्थानिक संस्थांनी संयुक्त समिती नेमण्याची सोय ग्रामपंचायत कायद्यात आहे. लोणावळा, खडकाळे, वडगाव आणि नदीकाठच्या बाकी गावांनी निदान सांडपाण्यापुरती ती वापरून पाहावी. मावळच्या मतदारांनीही पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या उमेदवाराला गटार आणि दिव्यांबरोबर एवढे जरूर विचारावे: वरच्या गावाशी आणि खालच्या गावाशी तुम्ही नदीबद्दल कधी बोलणार?