पांढरं कार्ड

जामखेडहून नगरला निघालेली एस.टी. मधे बीड जिल्ह्यातून जाते. आष्टी, कडा, धानोरा मागे पडलं की चिचोंडी पाटीलला पुन्हा नगर जिल्हा लागतो. माझं माहेर जामखेड तालुक्यात आणि सासर आष्टी तालुक्यात. दोन्ही घरांत जेमतेम पंधरा किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे मुरमाड रान, ज्वारी, तूर, उडीद, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. रेशनकार्डही दोन्ही घरांत पांढरंच, म्हणजे सधन घराचं. माहेरी ते पांढरं झालं कारण एकत्र कुटुंब असताना चुलत्यांनी जीप घेतली होती. जीप विकली गेली, वाटण्या झाल्या, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वाट्याला अडीच एकर जिरायत आलं. कार्डाचा रंग मात्र कुणी बदलून घेतला नाही.

2016 साली सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथं योजनेच्या खिडकीत बसणाऱ्या आरोग्यमित्रानं विचारलं, "सातबारा आणलाय का?" बीड जिल्ह्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत उपचार मिळतात, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दीरानं तलाठ्याकडून उतारा आणला, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्याला आम्ही एक रुपयाही दिला नाही. परतीच्या एस.टी.चं भाडंसुद्धा मिळालं.

म्हणून पुढच्या वर्षी डिसेंबरात दादांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी घाबरले असले तरी पैशाची काळजी केली नव्हती. काय करायचं ते मला माहीत होतं. योजनेचं नाव तोवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं होतं, दीड लाखाची मर्यादा तीच होती. आधार, कार्ड, सातबारा असं सगळं पिशवीत घालून मी खिडकीशी उभी राहिले. खिडकीतल्या मुलानं कागद उलटसुलट पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे नगर जिल्ह्याचं आहे."

पांढऱ्या कार्डाची सवलत 14 जिल्ह्यांनाच होती. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा. शेतकरी आत्महत्यांमुळे ते आपत्तीग्रस्त ठरवले होते. त्या शेतकऱ्यांना ती मिळाली याचं मला वाईट वाटत नाही, कधीच वाटलं नाही, माझं सासर त्यातच येतं. पण माझ्या दादांच्या रानात पाऊस कमी पडतो तो जिल्हा पाहून पडतो का, हा प्रश्न मी त्या खिडकीशी विचारला, आणि त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. त्याचा दोष नव्हताच. यादी त्यानं केली नव्हती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली होती. तेवढ्यानं दादांच्या स्टेंटचं बिल थोडं हलकं झालं असेल. तरी सगळं धरून एक लाख चाळीस हजार झाले. दादांनी बैलजोडी विकली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि तशाच गेल्या. दादा घरी आले तेव्हा गोठ्याकडे बघायला नको म्हणून मागच्या दारानं आत शिरले.

2018 च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत आलं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. मी मोठ्या आशेनं माहेरच्या गावच्या आशाताईंकडे गेले. त्यांच्याजवळच्या यादीत आमचं नाव नव्हतं. ती यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून काढलेली होती, आणि त्या पाहणीत ज्याच्या दारात मोटारसायकल, तो निकषातून बाहेर. भावानं जुनी मोटारसायकल घेतली होती, दुधाच्या किटल्या डेअरीवर न्यायला. पुढे 1 एप्रिल 2020 पासून राज्याची आणि केंद्राची योजना महाराष्ट्रात एकत्र चालू लागली. आमचं घर त्या दिवशीही दोन्हींच्या बाहेरच होतं.

मग जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की कार्डाचा रंग पाहायचा नाही, महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत उपचार. उपचारांची संख्या 1,356 झाली. विस्तारित योजना 1 जुलै 2024 पासून लागू झाली, आणि सप्टेंबरात आईला बायपास सांगितली.

मी पुन्हा तीच पिशवी घेऊन गेले. पाय कापत होते. या वेळी जिल्हा कुणी विचारला नाही. अडलं ते नावाशी: रेशनकार्डावर आईचं सासरचं नाव, आधारवर माहेरकडचं घरगुती नाव. ते निस्तरायला दोन दिवस गेले. तेवढ्यात दवाखान्याच्या काउंटरवरून वीस हजार भरायला सांगितलं, मंजुरी यायची आहे म्हणून. मी तिथंच उभी राहून योजनेच्या 155388 या नंबरला फोन लावला. नंतर पैशाचं कुणी काढलं नाही. पण ज्या बाईला हा नंबर ठाऊक नसेल तिनं ते वीस हजार कुठून तरी आणले असते, आणि तशा दोघीजणी माझ्या मागेच रांगेत होत्या. त्यांना मी नंबर लिहून दिला.

ऑपरेशन झालं. आई वाचली. एक दागिना मोडला नाही, एक जनावर विकलं नाही. हे मला मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

सुटी मिळाली तेव्हा दहा दिवसांच्या गोळ्या योजनेतून मिळाल्या. अकराव्या दिवसापासून विकत. योजना मुख्यतः धरते ती भरती झालेल्या माणसाला. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करण्याची गोळी आयुष्यभर घ्यायची असते, आणि ती घेतली नाही की माणूस पुन्हा भरती होतो. आमच्या जामखेडात 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं ते नेमकं याच टोकाकडून. खेड्यातल्या, कधी शाळा न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिकवलं. त्या बायका घरोघर जाऊन आजार वाढायच्या आत ओळखायच्या. आईचं बीपी कुणी दहा वर्षं आधी असं दारात येऊन मोजलं असतं तर बायपासचा दिवस आला असता का, हे माझ्या मनातून जात नाही.

ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. दादा शहात्तरचे. ग्रामपंचायतीत त्यांना घेऊन गेले. अंगठा काही केल्या उमटेना. कासरा आणि खुरपं धरून रेषा गेल्या आहेत. शेवटी तिथल्या मुलानं मोबाइलमध्ये त्यांचा चेहरा टिपला आणि नोंद झाली. दादांनी विचारलं, "यात हिच्या गोळ्या बसतात का?"

"नाही बाबा, भरती व्हावं लागतं."

दादांनी मान हलवली. त्या कार्डाचा छापील कागद त्यांनी घरी येऊन सातबाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला, पांढऱ्या कार्डाच्या खाली. आईच्या गोळ्या मी दर महिन्याला आष्टीत घेते आणि जामखेडच्या गाडीत बसते.