क्लीटखालचे पाणी

लाँचच्या डेकमधून पाणी गळू लागले की बघणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, वरून सिलिकॉन फासा. त्याने गळती दोन महिने थांबते. आत शिरलेले पाणी मात्र आपले काम करीतच राहते.

2018 च्या ऑक्टोबरात दारूखान्यात अशी एक लाँच माझ्याकडे आली. नाळेवरची दोर बांधायची क्लीट आणि खलाशी पोराच्या अंथरुणावर पडणारे थेंब, यांत दोन हातांचे अंतर होते. घराचा पत्रा गळतो तेव्हाही डाग आणि भोक एका जागी नसतात, हे आपल्या माताभगिनींना चांगले ठाऊक आहे. मी फडके घेऊन खाली बसलो, भाच्याने वरून एकेका बोल्टवर पाणी ओतले. तिसऱ्याला ओल आली.

"मामा, सिलिकॉन मारू आन् मोकळं होऊ. मालकाला परवा लाँच पाहिजे."

"पाना दे," मी म्हणालो.

क्लीट काढली तर भोकातून काळपट भुगा निघाला. फायबरच्या दोन थरांमधले प्लायवूड कुजले होते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजवते, हे पुष्कळांना पटत नाही. भरलेली लाँच धक्क्याला लागते तेव्हा सारी ओढ त्या चार बोल्टांवर येते. त्याच वेळी क्लीट उपटली आणि एखाद्या बाईचा एक पाय धक्क्यावर, एक लाँचवर असला तर? मालकाच्या तळहातावर भुगा ठेवला. कुरकुरत त्याने चार दिवस दिले.

वाकवलेला खिळा ड्रिलला लावून कुजके लाकूड कोरून काढले. बल्ब लावून दोन दिवस वाळवले, कारण ओलसर लाकडाला एपॉक्सी धरत नाही. मग भोके एपॉक्सीने गच्च भरली आणि ती कडक झाल्यावर मधोमध नवी भोके पाडली. आता पाणी झिरपले तरी लाकडाला शिवणार नाही. भोकांच्या तोंडाशी थोडी उतरती कड घेतली, म्हणजे सीलंट तिथे कड्यासारखे बसते. खाली छोट्या वायसरऐवजी स्टीलची जाड पट्टी दिली. आवळताना भाच्याने वर बोल्ट घट्ट धरला, मी खालून नट फिरवला; बोल्ट फिरला की सीलंटची पकड सुटते. जोरही बेताचाच लावायचा, नाहीतर सीलंट सगळे बाहेर पिळून निघते.

शेवटी बादलीभर पाणी ओतले. खाली फडके कोरडे.

मजुरी मात्र दोनच दिवसांची मिळाली. वाळवण्याचे दिवस मालक कामात धरत नाही.