बेल्जियमचा व्हिसा आणि खिडकीपलीकडचा प्रश्न

बँकेत असताना अनेक वर्षे मी लोकांचे कर्जअर्ज तपासले. निवृत्तीनंतर बेल्जियमला जाण्याचे ठरले, तेव्हा माझे कागद तपासून घेण्याची पाळी आली. अँटवर्प हे हिऱ्यांचे शहर. तेथे स्थायिक झालेल्या जैन व्यापाऱ्यांनी विल्राइक उपनगरात उभारलेल्या संगमरवरी मंदिराचे दर्शन घ्यावे, ही सौभाग्यवतींची जुनी इच्छा होती.

बेल्जियम शेंगेन क्षेत्रात मोडते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर पाच देशांनी सीमातपासणी शिथिल करण्याचा करार केला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत आणि सर्वसाधारण पर्यटन-व्हिसावर ते सारे पाहता येतात. मात्र कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांहून अधिक नसावा. अर्ज जेथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे करावा लागतो. आमचे विमान अ‍ॅमस्टरडॅमला उतरणार होते. परंतु नेदरलँड्समध्ये तीन दिवस आणि बेल्जियममध्ये आठ, म्हणून अर्ज बेल्जियमकडे केला.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पाने असलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. शुल्क प्रौढांस ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालाच पाहिजे. निर्णयास साधारणतः पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस दिवसही लागतात.

हे सारे नीट जुळवूनही माझी चूक झालीच. शिल्लक भरघोस दिसावी म्हणून आठवडाभरापूर्वी मी एक मुदत ठेव मोडून चार लाख रुपये बचत खात्यात जमा केले होते. मुंबईच्या अर्ज केंद्रातील मुलीने खातेउताऱ्यावर बोट ठेवून विचारले, "काका, ही रक्कम कुठून आली?" मी क्षणभर निरुत्तर झालो. हाच प्रश्न मी कितीतरी कर्जदारांना विचारला होता! अचानक जमा झालेली रक्कम दिखाव्यासाठी उसनी घेतल्याचा संशय येतो, हे मला का सुचू नये? शाखेतून ठेव मोडल्याचा दाखला आणून खुलाशाच्या पत्रासह जोडला. तेराव्या दिवशी पासपोर्ट व्हिसासह परत आला. तोवर घरात दोघांनाही धड झोप नव्हती.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश निश्चित झाला, असे नव्हे. विमानतळावरील अधिकाऱ्याने प्रवासाचा हेतू, मुक्कामाचा पत्ता आणि परतीचे तिकीट विचारले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र व ये-जा करण्याच्या तारखा संगणकात नोंदविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे मुक्काम एक दिवस लांबला तरी तो लपत नाही.

आपल्या घरांसाठी एक विशेष सूचना. दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास तेथे बंदी आहे. सौभाग्यवतींनी तुपाची बरणी आणि पेढे जड मनाने घरीच ठेवले. तेलाचे खाकरे व भाजलेली डाळ मात्र आनंदाने पोचली.

विल्राइकच्या मंदिरात हात जोडताना मला ती खिडकी आठवली. परदेशी अधिकाऱ्यास आपण केवळ कागदांवरूनच कळतो. म्हणून ते कागद खरे, पूर्ण आणि वेळेवर असावेत. आणि खिडकीच्या आत बसणाऱ्याने, बाहेरचा माणूस किती धास्तावलेला असतो, हेही जाणावे. नोकरीत असताना मी ते पुरेसे जाणले नव्हते.