पिंजरा आणि लाईट

भीमेच्या अलीकडं आमचा शिरूर, पलीकडं बहिणीचं दौंड. दोन्ही काठांना ऊस. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष उभा असतो. आत माणूस शिरला तर दोन सऱ्यांपलीकडून दिसत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला आणखी काय हवं? पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. इथले कितीतरी बिबटे उसातच जन्मलेत, त्यांना ‘जंगलात सोडा’ म्हणजे कुठं सोडायचं?

तोडणी लागली की पिल्लं सापडतात. आमच्याही फडात सापडली. टोळीनं कोयते खाली ठेवले, मी मनातून चरफडलो. वन खात्याच्या पोरांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली, रात्री आई येऊन घेऊन गेली. पिल्लं हलवली असती, तर ती त्यांना शोधत वस्त्या पालथ्या घालत फिरली असती, हे मला तेव्हा पटलं.

पिंजऱ्याचंही तसंच. धरलेला बिबट्या जुन्नरला माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो, पण त्याच्या हद्दीत दुसरा येतो. 2001 नंतर जुन्नर भागात बिबटे धरून लांब सोडले, तेव्हा हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी ते अभ्यासून मांडलंय.

पण हे आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये कोण ऐकून घेईल? 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत त्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला, पुढं वन खात्यानं बिबट्याला गोळी घातली. माणसावर उलटलेला बिबट्या राहू देऊ नये, यात मला शंका नाही. नंतर तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. खुरपायला बसलेलं माणूस बिबट्याला जनावराएवढंच दिसतं.

बहिणीनं गोठ्याला जमिनीपासून पत्र्यापर्यंत जाळी मारून घेतली. दाजी आधी खर्चावरून कुरकुरले, आता शेजाऱ्यांना दाखवतात. जनावर गेल्यावर भरपाई मिळते, जाळी मात्र आधी मारावी लागते.

जनावरं जाळीत राहतील, माणसाचं काय? पंपाची थ्री फेज रात्री असेल, तर दारं धरायला रात्रीच उसात उतरावं लागतं, तेही ओणवं होऊन. म्हणून ग्रामसभेत पिंजऱ्याच्या अर्जातच मी दिवसाच्या लाईटची मागणी घालायला लावली. पिंजरा लगेच आला. लाईट अजून रात्रीचीच आहे, पाणी भरायला आम्ही दोघं भाऊ मिळून जातो.